देवळाच्या वेबसाईटवर कॅसिनो कुठून आला? (मदत हवीय)

डिचोलीकर | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. लिहायला जरा लाज वाटतेय पण दुसरीकडे कुठे विचारू कळत नाही. आमच्या गावच्या देवळाची वेबसाईट आहे, वर्डप्रेसवर (वेबसाईट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर), सात-आठ वर्षांपूर्वी एकाने करून दिलेली, तो नंतर दुबईला गेला आणि साईट माझ्या गळ्यात पडली कारण गावात "कंप्युटरातला" मी एकटाच. जत्रेच्या तारखा, पालखीचे फोटो, अग्रशाळेतल्या (भाविकांना राहायच्या इमारतीतल्या) खोल्यांचं बुकिंग, एवढंच असतं त्यावर.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन. मुंबईच्या कुणा कुळाव्याने (देवी ज्यांची कुलदेवता त्यांतल्या एकाने) गूगलवर देवीचं नाव टाकलं आणि आमच्याच डोमेनखाली स्लॉट, रूलेट, फ्री स्पिन अशी शंभरेक पानं दिसली. त्याने स्क्रीनशॉट काढून थेट महाजनांच्या ग्रुपवर. सेक्रेटरींचा पहिला प्रश्न, "मांडवीतल्या त्या कॅसिनोच्या बोटवाल्यांनी मुद्दाम केलं काय रे हे?" नाही म्हणून समजावता समजावता अर्धा तास गेला.

गंमत म्हणजे पत्ता टाईप करून साईट उघडली तर सगळं ठीक. गूगलवरून क्लिक केलं की मोबाईलवर कॅसिनो, परत क्लिक केलं की देवी. सिक्युरिटी प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा पूरक प्रोग्रॅम) टाकून स्कॅन केला, काही नाही म्हणतो. सगळं अपडेट मारलं, दोन दिवस गायब झालं, परत आलं. माझा संशय थीमवर (साईटचं रंगरूप ठरवणारं पॅकेज) आहे, ती त्या दुबईवाल्याने कुठून आणली देव जाणे. कुणाला अनुभव?

मडगावचो | सोमवार, रात्री १०:३५

याला क्लोकिंग म्हणतात. आलेला पाहुणा गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम) असला तर एक पान, गूगलवरून आलेला मोबाईलवाला असला तर दुसरं, आणि तू पत्ता टाईप करून आलास तर नेहमीचं. एकदा दाखवलं की कुकी ठेवून देतात म्हणून दुसऱ्या क्लिकला देवी. मालकाला कळू नये हाच धंदा. बोटवाल्यांचा काही संबंध नाही, सेक्रेटरींना सांग, हे करणारे जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसलेत आणि त्यांना तुमचं गाव नकाशावरही दाखवता येणार नाही. स्क्रिप्ट लाखो साईटवर फिरते, जिथे दार उघडं दिसलं तिथे शिरते.

कर्ल (कमांडने पान मागवायचं टूल) वापरून गूगलबॉटचा युजर एजंट, म्हणजे त्याची ओळखपाटी, लावून बघ. पण त्यात दिसलं नाही म्हणून सुटलास असं समजू नको, हुशार मालवेअर आयपी पण तपासतो. सर्च कन्सोलमध्ये (साईटमालकांसाठी गूगलचं पॅनेल) यूआरएल इन्स्पेक्शन आहे, ते गूगलला स्वतःला काय दिसतं ते दाखवतं. ते खरं.

वाळपईवाला | सोमवार, रात्री ११:०४

आमच्या क्लबच्या साईटवर सेम झालेलं, फक्त जपानी भाषेत. मी रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (गूगलबॉटने काय वाचू नये ते सांगणारी फाइल) ती सगळी पानं ब्लॉक करून टाकली. तू पण तेच कर, पहिल्यांदा अब्रू वाचव.

आल्तिनो | मंगळवार, सकाळी ७:५०

@वाळपईवाला कृपा करून हे करू नका. रोबोट्समध्ये ब्लॉक केलं की गूगल ते पान परत बघायलाच येत नाही, मग ते पान गेलं हे त्याला कळणार कसं? यादीत तसंच लटकून राहतं. पान खरोखर काढा, त्या पत्त्याला ४०४ (पान नाही) किंवा ४१० (पान कायमचं गेलं) येऊ दे, आणि घाई असेल तर सर्च कन्सोलच्या रिमूव्हल्समध्ये टाका, ते साधारण सहा महिने लपवतं, तोपर्यंत खरं काम उरकतं.

@डिचोलीकर, अजून काही डिलीट करू नको! सगळे पहिली चूक हीच करतात. विचित्र फाइल दिसली की उडवायची आणि मग आला कुठून हे कधीच कळत नाही. आधी पूर्ण फोल्डर आणि डेटाबेस जसाच्या तसा झिप करून बाजूला ठेव, आणि ॲक्सेस लॉग आजच्या आज उतरवून घे, शेअर्ड होस्टिंगवाले थोड्याच दिवसांचे ठेवतात. मग हे बघ:

सर्च कन्सोलमध्ये मालकांच्या यादीत तुझ्याशिवाय कोण आहे. हल्लेखोर स्वतःची पडताळणीची एचटीएमएल फाइल टाकून मालक होतात आणि स्वतःचा साईटमॅप भरतात, हे नेहमीचं आहे.

एसएसएच (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सोय) असेल तर वर्डप्रेसच्या कमांड लाईन टूलमधली व्हेरिफाय-चेकसम्स चालव, कोअरसाठी (वर्डप्रेसच्या मूळ फाइली) एकदा, सगळ्या प्लगिनसाठी एकदा. मूळ फाइलींशी ताडून काय बदललंय आणि काय जास्तीचं आहे ते सांगते. थीम आणि विकतचे प्लगिन त्यात येत नाहीत, ते हातानेच बघावं लागेल.

आणि दोन दिवसांनी परत आलं म्हणतोस, म्हणजे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) कोणीतरी बसलंय किंवा एमयू-प्लगिन्स फोल्डरमध्ये. तिथलं प्लगिन नेहमीच्या यादीत दिसत नाही, वेगळ्या टॅबमध्ये येतं आणि तिथून बंदही करता येत नाही.

डिचोलीकर | मंगळवार, रात्री ९:२०

ऑफिस सुटल्यावर बसलो. सर्च कन्सोलमध्ये माझ्याशिवाय दोन मालक, दोन्ही जीमेल, नावं म्हणजे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी. कोअरमध्ये दोन जास्तीच्या फाइली. क्रॉनमध्ये दर सहा तासांनी एक ओळ, ती बाहेरून काहीतरी उतरवून चालवते.

आणि थीम नल्डच निघाली, फुटरमध्ये बेस सिक्स्टीफोरचा (अक्षरं-आकड्यांत गुंडाळलेल्या कोडचा) लांबलचक घोळ आहे. म्हणजे माझा संशय खरा होता, दुबईवाल्यानेच घात केला.

बोरीपूल | मंगळवार, रात्री ९:४८

नल्ड म्हणजे काय रे? एका क्लायंटने मला पण "पन्नास डॉलरची थीम फुकट मिळते" म्हणून लिंक दिलेली.

जुना_पीएचपी | मंगळवार, रात्री १०:०५

विकतच्या थीमचं लायसन्स की तपासणारा कोड काढून टाकलेली कॉपी. काढता काढता आपला माल भरतात, फुकट वाटण्याचे पैसे असे वसूल होतात. चोरीचा माल तो चोरीचाच.

बोरीपूल | मंगळवार, रात्री १०:२१

पण वर्डप्रेस जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स) आहे ना? मग त्यावरच्या थीमचा पीएचपी कोड पण जीपीएलच धरतात. जीपीएलमध्ये दुसऱ्याला कॉपी द्यायचा हक्क आहेच, विकत घेतलेली असो नाहीतर कशी. मग चोरी कुठे झाली? उगाच नैतिकता नको.

जुना_पीएचपी | मंगळवार, रात्री १०:४०

कायद्याचं बरोबर आहे तुझं, बऱ्याच अंशी. चोरी शब्द मागे घेतो. वर्डप्रेस २००३ मध्ये बी२ नावाच्या जीपीएल प्रोग्रॅमच्या फोर्कमधून (त्याच कोडवरून काढलेल्या वेगळ्या आवृत्तीतून) आलं, त्यामुळे त्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हताच. पण जीपीएल तुला कॉपी करायचा हक्क देते, कॉपी देणाऱ्याने मध्ये काय घातलं त्याची हमी देत नाही, उलट लायसन्समध्येच लिहिलंय की कसलीच वॉरंटी नाही. मासळी बाजारात पण तसंच, घ्यायला कोण अडवत नाही, पण कल्ला उघडून बघितल्याशिवाय विसवण घेतोस काय तू? इथे कल्ला म्हणजे चेकसम, आणि नल्ड मालाला ताडून बघायला मूळच नसतं हातात.

(अवांतर: थीमच्या इमेज आणि सीएसएसला वेगळं लायसन्स असू शकतं, तिथे मात्र सापडशील.)

मडगावचो | मंगळवार, रात्री ११:१०

लायसन्सचं भांडण चवथीपर्यंत चालेल. थीमच्या फुटरात बेस सिक्स्टीफोर आहे ते उलगडून बघितलंस का, करतो काय तो?

डिचोलीकर | बुधवार, सकाळी ८:३०

उलगडलं. फक्त फुटरमध्ये दोन लपवलेल्या लिंक टाकतो, कुठल्यातरी लोन आणि कसल्या गोळ्यांच्या. फाइल लिहिणं, बाहेरून काही उतरवणं, काही नाही. मग कॅसिनो कुठून?

सायबर_शेवंती | बुधवार, सकाळी ९:१५

सगळे थीमवर तुटून पडलेत म्हणून विचारते. या साईटवर बाहेरचा माणूस लॉगिन न करता फाइल अपलोड करू शकतो असं एखादं ठिकाण आहे का? अग्रशाळेचं बुकिंग म्हणालास, ते कसलं आहे, प्लगिन की कुणी लिहिलेलं?

डिचोलीकर | बुधवार, दुपारी १:४०

मीच लिहिलेलं, दोन वर्षांपूर्वी. साधा पीएचपी फॉर्म आहे, नाव, गाव, फोन, तारीख आणि आधार कार्डाचा फोटो. कमिटीने सांगितलं की खोली देताना ओळखपत्र पाहिजेच. फाइल इमेज आहे की नाही ते तपासलंय मी, टाईप इमेज/जेपेग किंवा पीएनजी नसेल तर एरर येते. मग अपलोड्सच्या आत आधार नावाच्या फोल्डरमध्ये जाते.

सायबर_शेवंती | बुधवार, दुपारी १:५२

टाईप कुठून घेतलास? फाइल्स ॲरेमधल्या टाईपमधून? तो ब्राउझर पाठवतो, म्हणजे पाठवणारा म्हणेल तो. पिशवीवर "साखर" लिहिलंय म्हणून साखर मानल्यासारखं. आणि नाव तेच ठेवतोस का, पाठवणाऱ्याने दिलेलं?

जेवण नंतर कर, आधी एक बघ. ब्राउझरमध्ये त्या आधार फोल्डरचाच पत्ता टाकून बघ, खाली फाइलचं नाव न लिहिता.

डिचोलीकर | बुधवार, दुपारी २:०३

साईट बंद केलीय.

पूर्ण यादी उघडते. इंडेक्स ऑफ आणि खाली सगळ्या फाइली. २१२ आधार कार्डं. आणि मधोमध एक पीएचपी फाइल, म्हणजे फोटो नव्हे, सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम, नाव आधारच्याच धाटणीचं, शेवट फक्त वेगळा.

सायबर_शेवंती | बुधवार, दुपारी २:१०

हं. तारीख काय आहे तिची? एसएसएचवर स्टॅट कमांडने बघ, सीपॅनेलमधली नको. सीपॅनेल मॉडिफाय टाईम दाखवतं आणि तो टच कमांडने हवा तो करता येतो, आजूबाजूच्या फाइलींसारखा जुना करून ठेवतात. स्टॅटमध्ये चेंज म्हणून वेगळी वेळ असते, ती अशी सहजासहजी बदलता येत नाही. फक्त परवानग्या बदलल्या किंवा होस्टिंग हलवलं असलं तर ती पण नवी होते, तेवढं लक्षात ठेव.

डिचोलीकर | बुधवार, रात्री १०:५५

मॉडिफाय २०२१ दाखवतं. फॉर्म २०२३चा, म्हणजे फाइल फॉर्मच्या आधी जन्मली म्हणायची 😐 चेंज मात्र गेल्या महिन्यातली, पहाटे ३:१७. लॉग तिथवर मागे जात नाहीत पण नंतरचे आहेत, त्यात रोज त्या फाइलवर पोस्ट (बाहेरून डेटा पाठवणारी विनंती) येतोय. कोअरमधल्या दोन फाइली आणि क्रॉन त्याच्यानंतर बारा मिनिटांत.

थोडक्यात दुबईवाल्याचा काही दोष नाही, दार मीच बांधलेलं. काल इथे लिहिलेलं घात-बित मागे घेतो. त्याने लिंक खपवल्या ते वेगळं.

जुना_पीएचपी | बुधवार, रात्री ११:२०

असा फॉर्म मी पण लिहिलाय बाबा, एक नाही, चार. कुठल्या कुठल्या क्लायंटकडे अजून चालत असतील. उद्या बघतो.

आल्तिनो | गुरुवार, सकाळी ७:३०

कॅसिनो आता दुय्यम. त्याने फार तर अब्रू जाते, २१२ माणसांची आधार कार्डं ही वेगळी गोष्ट आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, नंबर, आणि तुझ्या डेटाबेसात त्याच माणसाचा फोन. यावर फसवणुकीचा फोन करायला आणखी काय लागतं? "अग्रशाळेच्या बुकिंगचं डिपॉझिट परत करायचंय, ओटीपी सांगा."

गूगलने त्या फोल्डरचं काय इंडेक्स केलंय ते साईट कोलन लावून शोध आणि तेच आधी रिमूव्हल्समध्ये टाक. मग कमिटीला सांग की लोकांना कळवायलाच हवं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तेच म्हणतो, ज्यांचा डेटा फुटला त्यांना आणि डेटा संरक्षण बोर्डाला कळवायचं, आणि सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. देवळाला कोण २५० कोटी लावणार नाही, पण सेक्रेटरी ऐकत नसले तर आकडा उपयोगी पडतो. सर्ट-इनचे (सरकारी सायबर सुरक्षा संस्था) २०२२चे आदेश पण वाचून ठेव, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं म्हणतात.

लोकांना सांगताना नुसतं "सावध राहा" नको. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) साईटवरून किंवा ॲपवरून, ते कसं करायचं ते सांगा.

सायबर_शेवंती | गुरुवार, सकाळी १०:०२

आणि पहिला प्रश्न म्हणजे आधारचा फोटो पाहिजेच कशाला? काउंटरवर कार्ड बघून परत द्या की. ठेवायचंच असेल तर मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि माणूस खोली सोडून गेला की फाइल उडवा. दोन वर्षांपूर्वी लघुरुद्राला येऊन गेलेल्या माणसाचं कार्ड आज सर्व्हरवर का आहे?

फॉर्म परत लिहिणार असशील तर: फाइल पब्लिक एचटीएमएल फोल्डरच्या बाहेर ठेव, म्हणजे पत्ता टाकून उघडायचा प्रश्नच नाही. नाव आणि एक्स्टेन्शन तू दे, रँडम, पाठवणाऱ्याचं काही घेऊ नको. फाइलइन्फोने (पीएचपीची फाइल ओळखायची सोय) आतला मजकूर तपास, पण त्यावरच विसंबू नको, खऱ्या जेपेगच्या कॉमेंटमध्ये पण पीएचपी कोड भरता येतो, म्हणून जीडीने (पीएचपीची इमेज लायब्ररी) इमेज उघडून नव्याने सेव्ह कर. अपलोड्समध्ये पीएचपी चालणं एचटीॲक्सेस फाइलने बंद कर, पण हे अपाची सर्व्हरवर, एनजिनएक्स सर्व्हर असेल तर ती फाइल कोण वाचतच नाही, कॉन्फिगमध्येच करावं लागतं. कितीतरी जण एचटीॲक्सेस टाकून निवांत झोपतात.

मडगावचो | गुरुवार, दुपारी १२:३०

आणि त्याच फॉर्ममधलं नाव डेटाबेसात कसं जातं ते पण बघ. साधी टेस्ट सांगतो. नावाच्या जागी डी'सौझा टाक.

गोव्यात एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्ममधून डेटाबेसला भलतीच क्वेरी देणं) तपासायला हॅकर लागत नाही, कोणीही डी'सौझा, डी'मेलो, डी'कॉस्ता पुरे. एका हॉटेलाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा त्यांची तक्रार काय, तर "काही ख्रिश्चन गिऱ्हाइकांचं बुकिंग होत नाही, बाकी सगळ्यांचं होतं." रिसेप्शनवाली पोर त्यांची नावं कागदावर लिहून घ्यायची. दीड वर्षं! मधला अॅपोस्ट्रॉफी क्वेरी तोडत होता, म्हणजे तिथून कोणीही हवी ती क्वेरी घुसवू शकला असता. दीड वर्षं साईट बोंबलून सांगत होती आणि सगळ्यांना वाटलं आडनावात खोट आहे.

आधीच्या डेव्हलपरने त्यावर काय केलेलं माहितीय? अॅपोस्ट्रॉफीच काढून टाकलेला. मग पावतीवर डीसौझा, पासपोर्टवर डी'सौझा, आणि चेक-इनला वाद. त्याच्याही आधी कोणीतरी सेव्ह करतानाच एचटीएमएल एस्केप (खास चिन्हांच्या जागी कोड) केलेलं, त्यामुळे जुन्या पावत्यांवर डी च्या पुढे अँपरसँड, हॅश आणि ०३९. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि मजकूर वेगळे पाठवणं) वापर, नाव जसंच्या तसं ठेव, आणि एस्केप दाखवताना कर, ठेवताना नको.

जुना_पीएचपी | गुरुवार, दुपारी १:१५

आमच्या काळी मॅजिक कोट्स होते, पीएचपी आपणहून बॅकस्लॅश लावायचं. फॉर्म एडिट करून सेव्ह केला की आणखी एक बॅकस्लॅश, परत सेव्ह केला की आणखी. एका बेकरीच्या यादीत एका पोदेराच्या नावात सात बॅकस्लॅश झालेले बघितलेत मी. ५.४ मध्ये काढले एकदाचे. पण ती सवय राहिली लोकांची, ॲडस्लॅशेस मारलं की झालं.

डिचोलीकर | गुरुवार, रात्री ९:३०

डी'सौझा टाकला. पांढरं पान. 🙏

असो. आता सगळं नव्याने बसवतोय, वर्डप्रेस मूळ साईटवरून, थीम साधी फुकटवाली अधिकृत, जुन्यातले फक्त फोटो आणि मजकूर. कॉन्फिगमधल्या आठही की आणि सॉल्ट (लॉगिन जपणाऱ्या गुप्त ओळी) बदलले म्हणजे जुनी सेशन गेली. डेटाबेसचा पासवर्ड बदलला. बुकिंगचं पॅनेल माझंच आहे, त्यात पासवर्ड_हॅश वापरलंय, बीक्रिप्ट (पासवर्ड उलगडता येणार नाही असा करून ठेवायची पद्धत), म्हणजे निदान तिथे तरी बरोबर असेन. पासवर्ड कमिटी दरवर्षी बदलते, मराठीत लांबलचक, देवीचं नाव आणि शेवटी वर्ष. मराठीत कोण ओळखणार?

सायबर_शेवंती | गुरुवार, रात्री ९:५८

थांब. किती लांबलचक?

बीक्रिप्ट पहिले ७२ बाइट घेतं, पुढचं पीएचपी गुपचूप कापतं. इंग्रजीत ७२ बाइट म्हणजे ७२ अक्षरं, कोणी पोचत नाही. देवनागरीत यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्ह तीन बाइट, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नाही, काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळी वेगवेगळी. "श्री" एकटंच चार चिन्हं, बारा बाइट.

उदाहरण म्हणून "श्रीशांतादुर्गाप्रसन्न" घे. मोजलं, २२ चिन्हं, ६६ बाइट. उरले सहा बाइट म्हणजे दोन आकडे. पुढे "२०२४" लावलं तर बीक्रिप्टला दिसतं फक्त "२०". वर्ष बदलून "२०२५" केलं तरी त्याला "२०"च. म्हणजे दोन्ही पासवर्ड एकच.

गेल्या वर्षीचा पासवर्ड टाकून बघ पॅनेलला.

डिचोलीकर | गुरुवार, रात्री १०:०९

उघडलं.

त्याच्या आधीच्या वर्षीचा पण उघडला.

मडगावचो | गुरुवार, रात्री १०:११

सायबा!

सायबर_शेवंती | गुरुवार, रात्री १०:३०

तुझी एकट्याची चूक नाही. २०२४ मध्ये ओक्टासारख्या लॉगिनचाच धंदा करणाऱ्या कंपनीला हे भोवलंय, त्यांनी युजर आयडी, युजरनेम आणि पासवर्ड जोडून बीक्रिप्टला दिलं होतं, युजरनेम ५२ किंवा जास्त अक्षरांचं असलं तर ठराविक परिस्थितीत पासवर्ड न तपासताच आत. वर्डप्रेसने ६.८ पासून बीक्रिप्ट घेतलं तेव्हा आधी एसएचए-३८४ मधून (कितीही लांब मजकूर ठराविक लांबीत आणणारं हॅश) काढून मग दिलं, मुद्दाम याच्यासाठी. तुझ्या पॅनेलला आर्गॉन२ (दुसरी हॅश पद्धत) लाव किंवा तसंच कर, पण एसएचएचे कच्चे बाइट देऊ नको, बेस सिक्स्टीफोर करून दे, नाहीतर मध्ये शून्य बाइट आला की वेगळंच रामायण.

देवनागरी पासवर्डचं आणखी एक, "तिसऱ्या" मधला अर्धा र दोन तऱ्हेने टाईप होतो, एक ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. दिसायला तोच, बाइट वेगळे, आणि युनिकोड नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. घरच्या कीबोर्डवर चालतो आणि देवळातल्या मोबाईलवर नाही अशी तक्रार आली तर हे आठव. शोधातही तीच बोंब.

आल्तिनो | शुक्रवार, सकाळी ७:४०

एक राहिलं. ॲडमिन किती आहेत साईटला?

डिचोलीकर | शुक्रवार, सकाळी ८:०५

नऊ. त्यातला एक हल्लेखोराचा, तो उडवला. एक मी. दुबईवाला. दोन जुने सेक्रेटरी, त्यातले एक वारले. बाकी चार कोण ते आत्ताच्या कमिटीला माहीत नाही. एक "सपोर्ट" म्हणून आहे, मागे कुणीतरी व्हॉट्सॲपवर साईट फास्ट करून देतो म्हणालेला, फुकट.

आल्तिनो | शुक्रवार, सकाळी ८:२६

फुकट मदत करणाऱ्याला किल्ली देणं, यात मोठेमोठे फसलेत. मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवतं ना, सगळ्या लिनक्सात असणारी कॉम्प्रेशनची लायब्ररी, सांभाळणारा लासे कोलिन एकटा, दमलेला. जिया टॅन नावाने कोणीतरी दोन-अडीच वर्षं नीट पॅच पाठवले, भरवसा कमावला, सह-मेंटेनर झाला, आणि ५.६.० मध्ये बॅकडोअर (चोरदार) घातला. बिल्डमध्ये तो जागा करणारी फाइल फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (बांधून दिलेल्या गठ्ठ्यात), गिटमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदीत) नव्हतीच. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं. कोलिनचा काय दोष? जगाने फुकट वापरलं आणि हातभार कोणी लावला नाही, जो आला तो असा.

तुमच्या देवळात पूजेची पाळी असते ना, या महिन्यात गाभाऱ्याची किल्ली कोणाकडे हे लहान पोराला पण माहीत असतं. साईटच्या नऊ किल्ल्यांपैकी चार कोणाकडे ते कमिटीला माहीत नाही. पाळीच्या वहीतच एक ओळ वाढवा म्हणावं, डोमेन कोणाच्या नावावर, होस्टिंगचा लॉगिन कोणाकडे, ॲडमिन कोण, कधीपासून.

बोरीपूल | शुक्रवार, सकाळी ९:००

आणि मुळात वर्डप्रेस कशाला पाहिजे? जत्रेच्या तारखा आणि फोटोच ना. ह्यूगोने (साधी पानं बनवणारं टूल) स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार, पानं बनव, पीएचपीच नाही तर शिरणार कुठे.

जुना_पीएचपी | शुक्रवार, सकाळी ९:२२

तारीख बदलायला सेक्रेटरी गिट पुश करणार काय? सत्तरीचे असतील ते.

डिचोलीकर | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:४०

अपडेट द्यायचं राहिलेलं. कॅसिनोची पानं ४१० देतायत, गूगलवर अजून पाच-सहा दिसतात, बाकी गेली. आधारचं काही इंडेक्स झालं नव्हतं, फक्त फोल्डरचं पान आलेलं, ते काढलं. पण हल्लेखोराने कार्डं उतरवली की नाही ते लॉगवरून सांगता येत नाही, म्हणून उतरवली असंच धरून चाललो. चार ॲडमिन उडवले, कोणी तक्रार केली नाही. दुबईवाल्याला फोन करून सॉरी म्हटलं, तो म्हणाला थीम त्यालाही दुसऱ्यानेच दिलेली. बोरीपूलचं अर्धं ऐकलं, साईट स्टॅटिक केली, तारखा मी बदलतो, सेक्रेटरी व्हॉट्सॲपवर सांगतात. फॉर्म काढला, खोल्यांसाठी काउंटरवर वही.

२१२ जणांना फोन करायचं ठरलं. कमिटी आधी तयार नव्हती, "उगाच बोभाटा", मग २५० कोटी सांगितले. मी, सेक्रेटरी आणि सेक्रेटरींची सून, तिघांनी आठवडाभर संध्याकाळी बसून केले. निम्म्यांनी उचलले नाहीत, त्यांना मेसेज. दोघे भांडले आणि त्यांचं बरोबर होतं. एका आजींना बायोमेट्रिक लॉक समजावत वीस मिनिटं गेली, सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, ते कार्डाचं राहू दे बाबा, पण जत्रेला खालची खोली मिळेल ना, जिना चढवत नाही आता.

वहीत लिहून ठेवलीय. देव बरें करूं सगळ्यांचं.